‘थांब’ कोणी म्हणायचे?

२०२५ साली भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी सामने खेळायला गेला, तेव्हा ‘वर्कलोड’ हा शब्द आपल्या चहाच्या टपरीपर्यंत येऊन पोहोचला. जसप्रीत बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधी ठरले होते आणि तो तीनच खेळला. त्यावर लोकांनी भरपूर तोंडसुख घेतले. देशासाठी खेळताना कसला आलाय वर्कलोड, जुने गोलंदाज असे कधी म्हणाले होते का, वगैरे वगैरे. तुम्ही बाजू कोणतीही घ्या, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. बुमराह तिशी ओलांडलेला माणूस आहे. पाठीच्या दुखण्याने तो पूर्वी महिनोन्महिने मैदानाबाहेर बसलेला आहे. त्याच्या दिमतीला डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत, आणि मुख्य म्हणजे ‘या सामन्यात मी नाही’ असे म्हणण्याइतके त्याचे वजन आहे.

आता हाच प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाबद्दल विचारून पाहा. त्याला किती चेंडू टाकू द्यायचे? कोणी मोजायचे? आणि तो दमला की ‘थांब’ कोणी म्हणायचे? या प्रश्नाचा सगळ्यात जास्त खल झाला तो क्रिकेटमध्ये नव्हे, बेसबॉलमध्ये. आणि तोही जपान आणि अमेरिका या दोन देशांतल्या शालेय बेसबॉलमध्ये. आपण बेसबॉल खेळत नाही, पण हा वाद समजून घेण्यासारखा आहे. कारण तो वरवर खेळाचा दिसत असला, तरी मुळात मोठ्या माणसांच्या जबाबदारीचा वाद आहे.

आधी खेळाची एक खुबी सांगतो. क्रिकेटमध्ये सहा चेंडू टाकले की गोलंदाजाला चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यावाच लागतो. वीस षटकांच्या सामन्यात त्याला चोवीस चेंडू मिळतात, पन्नास षटकांच्या सामन्यात साठ. म्हणजे ‘थांब’ हा शब्द खेळाच्या नियमातच लिहिलेला आहे. बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि प्रशिक्षकाच्या मनात असेल तर एकच पिचर नऊच्या नऊ डाव एकटा चेंडू टाकू शकतो. असा पूर्ण सामना टाकायचा तर सव्वाशे-दीडशे चेंडू सहज होतात. सामना बरोबरीत सुटला आणि जादा डाव खेळावे लागले, तर आकडा दोनशेच्या पुढेही जातो.

शिवाय हा चेंडू क्रिकेटसारखा हात सरळ ठेवून टाकायचा नसतो. तो कोपरातून वाकवून, खांदा मागे पिळून, सगळ्या अंगाचा जोर एका झटक्यात हातात आणून फेकायचा असतो. कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानसा लिगामेंट असतो. दर फेकीला त्याच्यावर जवळजवळ तो सहन करू शकेल इतका ताण येतो. तो तुटत नाही, कारण आजूबाजूचे स्नायू त्यातला बराच भार उचलतात. पण स्नायू दमले की त्यांची मदत कमी होते आणि सगळा भार त्या लिगामेंटवर पडतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत तर हाडांची वाढही पूर्ण झालेली नसते. म्हणून खरा शत्रू नुसता चेंडूंचा आकडा नाही, दमलेल्या हाताने टाकलेला चेंडू हा आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने यावर बरीच वर्षे काम केले आहे. हात दमलेला असताना नेहमी चेंडू टाकणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता छत्तीस पट असल्याचे त्यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसले. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात वर्षाला शंभरापेक्षा जास्त डाव टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला.

हे सारे छापून आलेले आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, प्रशिक्षकांनाही ठाऊक आहे. मग अडते कुठे?

त्यासाठी जपानकडे बघू. ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरात कोशिएन नावाचे मैदान आहे. ते १९२४ साली बांधले गेले. उन्हाळी शालेय स्पर्धा त्याच्याही आधीची, १९१५ ची. देशभरातल्या साडेतीन हजारांच्या आसपास शाळा आपापल्या प्रांतात लढतात आणि त्यांतल्या एकोणपन्नास ऑगस्टच्या उन्हात कोशिएनला पोहोचतात. एक सामना हरला की संपले. हरलेली मुले रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असतो. आपल्याकडे शालेय खेळाला इतका मान कुठेच नाही, म्हणून तुलना देता येत नाही.

या स्पर्धेने घडवलेला सर्वांत मोठा नायक म्हणजे दाइसुके मात्सुझाका. १९९८ च्या ऑगस्टमध्ये योकोहामा शाळेच्या या मुलाने एका दिवशी १४८ चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी उपउपांत्य सामना सतरा डाव चालला, त्यात त्याने २५० चेंडू टाकले. तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून तो मैदानाच्या एका कडेला उभा होता, पण संघ अडचणीत आल्यावर शेवटच्या डावात चेंडू टाकायला आलाच. आणि अंतिम सामन्यात त्याने समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. पुढे तो अमेरिकेत गेला, त्याने पैसा आणि नाव दोन्ही कमावले. कोपराची शस्त्रक्रियाही झाली, पण ती २०११ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. म्हणून त्याची गोष्ट सांगणारे म्हणतात, ‘बघा, काय झाले त्याला?’

पण गोष्टी सांगणारे नेहमी वाचलेल्याची गोष्ट सांगतात. १९९१ साली ओकिनावा सुइसान शाळेचा रिन ओनो नावाचा पिचर होता. स्पर्धेच्या आधीपासूनच त्याचा कोपर दुखत होता. तरी त्याने सहा सामन्यांत ७७३ चेंडू टाकले, त्यातले शेवटचे चार सामने चार लागोपाठ दिवशी. ओकिनावाच्या शाळेला तोवर उन्हाळी विजेतेपद कधी मिळाले नव्हते. साऱ्या बेटाचे डोळे त्याच्याकडे लागलेले होते. अंतिम सामना ते हरले. नंतर कळले की कोपराचे हाड मोडलेले आहे. तो पुन्हा कधीच पिचर म्हणून उभा राहिला नाही. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाच्या बळावर तो व्यावसायिक संघात गेला, हे त्याचे कर्तृत्व. पण जे त्याला सगळ्यात चांगले येत होते ते अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास संपले. त्यानंतर काही वर्षांतच कोशिएनमध्ये पिचरच्या हाताची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. चेंडूंना मर्यादा मात्र घालण्यात आली नाही. २०१३ च्या वसंत स्पर्धेत सोळा वर्षांच्या तोमोहिरो अनराकूने नऊ दिवसांत ७७२ चेंडू टाकले. ओनोपेक्षा फक्त एक कमी. मधली बावीस वर्षे कुठे गेली?

असे झाले की प्रशिक्षक एक वाक्य ऐकवतात. ‘मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, मला टाकायचे आहे.’ हे वाक्य खोटे नसते. मुलगा खरोखरच तसे म्हणालेला असतो. पण माझा आक्षेप या विचारण्यालाच आहे. ज्या मुलाच्या मागे त्याचे मित्र उभे आहेत, शाळा उभी आहे, गाव उभे आहे, वर्षानुवर्षे ज्याला ‘दुखणे सोसतो तोच खरा’ असे शिकवले आहे, त्याच्यापुढे दुसरे उत्तरच ठेवलेले नसते. ‘दुखतंय’ म्हटले तर तो भित्रा ठरतो, आणि ‘नाही दुखत’ म्हटले तर हात जातो. अशा जागी त्याची संमती विचारणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे. आणि नेमका तोच खांदा आधीच दमलेला असतो. मुलाचे शरीर मोठ्या माणसांच्या हाती अमानत म्हणून आलेले असते. अमानतीला विचारून ती खर्च करता येत नाही.

याचे उलट उदाहरणही जपाननेच दाखवले. इवाते प्रांतात ओफुनातो हे समुद्रकाठचे गाव आहे, २०११ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त केलेले. तिथल्या सरकारी शाळेत रोकी सासाकी हा मुलगा होता. त्या त्सुनामीत त्याचे वडील आणि आजी-आजोबा गेले होते. २०१९ मध्ये त्याचा चेंडू ताशी १६३ किलोमीटर वेगाने गेला. शाळकरी मुलाने असा वेग गाठल्याचे जपानने पाहिले नव्हते. शाळा १९८४ नंतर कोशिएनला गेलेली नव्हती. प्रांतिक स्पर्धेत २१ जुलैला सासाकीने बारा डावांत १९४ चेंडू टाकले. २४ जुलैला उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता. तो जिंकला की कोशिएन.

प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी त्या दिवशी सासाकीला खेळवलेच नाही. ओफुनातो १२-२ असा हरला. कोकुबो यांनी सांगितले की दुखापत टाळण्यासाठी हा निर्णय आपण घेतला. त्यानंतर शाळेत निषेधाच्या फोनचा भडिमार झाला. जुने दिग्गज इसाओ हारिमोतो यांनी टीव्हीवरून टीका केली. अमेरिकेत खेळणाऱ्या यू दारविशने प्रशिक्षकाची बाजू घेतली. तीन वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, याच सासाकीने व्यावसायिक सामन्यात एकाही फलंदाजाला पहिल्या तळावर पोहोचू दिले नाही आणि एकोणीस जणांना बाद केले, त्यातले तेरा लागोपाठ. पुढे तो अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात गेला.

मला मात्र या शेवटामुळे कोकुबो बरोबर ठरतात असे म्हणायचे नाही. २०२५ मध्ये सासाकीचा खांदा दुखावला आणि तो काही महिने बाहेर बसला. उद्या तो कायमचा जायबंदी झाला असता तरी कोकुबो यांचा निर्णय बरोबरच राहिला असता. त्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी मुलावर उत्तर देण्याची वेळच येऊ दिली नाही. ‘थांब’ आपण म्हटले आणि शिव्याही आपणच खाल्ल्या. मोठे असण्याचा याहून वेगळा अर्थ मला माहीत नाही.

पण प्रत्येक शाळेला कोकुबो मिळत नाही, आणि मिळाले तरी एका माणसाने साऱ्या गावाचा राग अंगावर घ्यावा अशी अपेक्षा रास्त नाही. त्यासाठीच नियम हवा. निईगाता प्रांताच्या संघटनेने २०१८ च्या अखेरीस जाहीर केले होते की आपल्या पुढच्या वसंत स्पर्धेत एका पिचरला एका सामन्यात शंभरच चेंडू मिळतील. जपानच्या मध्यवर्ती शालेय बेसबॉल महासंघाने फेरविचार करा असे सांगितले आणि निईगाताला माघार घ्यावी लागली. त्या गाजावाजाचा एवढा उपयोग झाला की महासंघाने समिती नेमली आणि २०२० पासून मर्यादा आणली. एका पिचरला एका आठवड्यात जास्तीत जास्त पाचशे चेंडू.

पाचशे! आता हा आकडा सासाकीला लावून बघा. १९४ आणि १२९ मिळून ३२३ झाले. म्हणजे अंतिम सामन्यात त्याला आणखी १७७ चेंडू टाकायला या नियमाने परवानगी दिली असती. ज्या प्रसंगाने सगळा जपान ढवळून निघाला, त्या प्रसंगात हा नियम आडवाच आला नसता. एका दिवसाला किती, याबद्दल तो काही बोलत नाही. नियम नसण्यापेक्षा असलेला बरा, हे खरे. पण जो नियम फक्त अतिरेकाच्या अतिरेकाला अडवतो, तो बाकीच्या अतिरेकावर मान्यतेचा शिक्का मारतो, हा त्यातला धोका आहे.

कडक मर्यादेला जो विरोध होतो त्यात एक मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. मोठ्या खाजगी शाळा देशभरातून मुले गोळा करतात. त्यांच्याकडे चार-चार चांगले पिचर असतात. लहान सरकारी शाळेकडे एकच असतो. शंभर चेंडूंची मर्यादा घातली तर लहान शाळेने जिंकायचेच नाही का? २०१८ साली अकिता प्रांतातली कानाआशी ही शेतकी शाळा कोसेई योशिदा या एका पिचरच्या जोरावर अंतिम फेरीपर्यंत गेली. सारा देश त्या मुलांच्या प्रेमात पडला होता. योशिदाने सहा सामन्यांत ८८१ चेंडू टाकले. शेवटी ओसाकाच्या बलाढ्य तोइन शाळेपुढे त्याचा हात चालेना, पाच डावांनंतर तो बाजूला झाला आणि शाळा १३-२ अशी हरली.

गरीब शाळेच्या बाजूने बोलणारे हे लोक मला आवडतात. पण त्यांना एक विचारावेसे वाटते. लहान आणि मोठ्या शाळेतली विषमता मोडायची, तर तिची किंमत एका सतरा वर्षांच्या मुलाच्या कोपरातूनच का वसूल करायची? ती मोडायचे दुसरे रस्ते आहेत. बाहेरून मुले आणण्यावर बंधन घाला, दोन सामन्यांत जास्त दिवस ठेवा, उन्हाळ्यातली स्पर्धा लांबवा. हे सगळे खर्चाचे आणि गैरसोयीचे आहे. मुलाचा हात तेवढा फुकट मिळतो, म्हणून तोच वापरला जातो.

अमेरिकेत नियम जास्त नेटके आहेत. लहान मुलांच्या लिटल लीगने २००७ पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. व्यावसायिक बेसबॉल आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये मिळून वयानुसार तक्ता काढला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने दिवसाला १०५ चेंडूंच्या पुढे जायचे नाही. ८० च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती. २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या शालेय संघटनेला स्वतःची चेंडूंची मर्यादा ठरवणे बंधनकारक झाले. कागदावर हे जपानच्या कितीतरी पुढे आहे. तरीही २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत कोपराच्या त्या प्रसिद्ध शस्त्रक्रिया ज्यांच्यावर झाल्या, त्यांतले निम्म्याहून अधिक पंधरा ते एकोणीस वर्षांचे होते, असे एका पाहणीत दिसले. ते आकडे नव्या नियमांच्या आधीचे आहेत, हे खरे. पण त्या आकड्यांमागचे कारण नियमांनी हललेले नाही.

जपानी मुलगा शाळेसाठी हात झिजवतो, अमेरिकन मुलगा भवितव्यासाठी. तिथे शाळेचा हंगाम संपला की पैसे भरून खेळायचे खाजगी संघ सुरू होतात. मग विद्यापीठांचे आणि व्यावसायिक संघांचे हेरगिरी करणारे लोक जिथे वेग मोजायचे यंत्र घेऊन बसतात, ते मेळावे. शाळेचा प्रशिक्षक शाळेतले चेंडू मोजतो, खाजगी संघाचा प्रशिक्षक आपले मोजतो, मेळाव्यात बहुधा वेगच मोजला जातो. या तिन्हींची बेरीज कोणत्याच वहीत नसते. ती फक्त मुलाच्या कोपरात होत असते. त्या तक्त्यासोबत डॉक्टरांनी असेही सांगितले आहे की वर्षातले चार महिने तरी चेंडू फेकूच नये आणि एकाच हंगामात दोन संघांकडून चेंडू टाकू नये. पण हे पाळायचे कोणी? ते आई-बापांवर सोडलेले आहे, आणि आई-बापांनी तर शुल्क भरलेले असते.

आणि ती शस्त्रक्रिया! टॉमी जॉन या पिचरचे नाव तिला मिळाले. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला पट्टा काढून कोपरात बसवला. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. वैद्यकशास्त्राचे हे मोठेच यश आहे. पण या यशाने एक विचित्र समज पसरवला, की शस्त्रक्रियेनंतर हात आधीपेक्षा मजबूत होतो. खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांच्या पाहणीत हा समज बऱ्याच जणांत आढळला आहे. प्रत्यक्षात परतायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि प्रत्येक जण परततोच असे नाही. दुरुस्ती होते म्हणून वस्तू बेफिकिरीने वापरायची, हे फार तर सायकलच्या बाबतीत चालेल.

काही जण म्हणतात, चेंडू मोजण्यात अर्थ नाही. आजच्या दुखापतींचे खरे कारण वेगाचा हव्यास आहे, प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याचे वेड आहे. हे बरेचसे खरे आहे, आणि अमेरिकेतले जाणकारही तेच सांगू लागले आहेत. पण यावरून मोजणी सोडून द्या असा निष्कर्ष निघत नाही, उलटच निघतो. प्रत्येक चेंडू जास्त महाग झाला असेल तर चेंडू आणखी कमी टाकायला हवेत. शिवाय मोजणीचा एक फायदा कोणत्याही वैद्यकीय अहवालात दिसणार नाही. आकडा भरला की मुलाला भित्रा म्हणता येत नाही आणि प्रशिक्षकाला दगाबाज म्हणता येत नाही. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाल्यावर गोलंदाज कच खाल्ली म्हणून थांबतो का? षटक संपले म्हणून थांबतो. मर्यादेची खरी ताकद यात आहे. जो शब्द उच्चारायला माणसाला धैर्य लागते, तो शब्द ती नियमाच्या तोंडी देते.

म्हणून मला तीन गोष्टी हव्याशा वाटतात. जपानने आठवड्याच्या आकड्याला दिवसाचा आकडा आणि सक्तीची विश्रांती जोडावी. अमेरिकेने मुलाच्या नावावर एकच वही ठेवावी. शाळा, खाजगी संघ, मेळावा, सगळे चेंडू त्यातच नोंदवले जावेत. आणि दोन्हीकडे ‘मी त्याला विचारले होते’ हे वाक्य बचाव म्हणून मान्य करणे बंद व्हावे.

राहता राहिले आपण. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मंडळांनी तरुण वेगवान गोलंदाजांसाठी षटकांच्या मर्यादा कधीच्याच घातल्या आहेत, कारण वाढत्या वयात पाठीचे मणके चिरतात. आपला मुलगा सकाळी अकादमीत, दुपारी शाळेकडून आणि रविवारी क्लबकडून गोलंदाजी करत असेल, तर त्या तिन्हींची बेरीज कोणत्या वहीत आहे, एवढे एकदा विचारून घ्या. आणि ते त्याला विचारू नका. तो ‘मी ठीक आहे’ असेच सांगेल.